पहाटे हॉट एअर बलून बघायला निघताय? आभाळाआधी जमिनीकडे बघा

बलून बघायला निघालेल्या बहुतेकांच्या डोक्यात फोटोतलं एकच दृश्य असतं: तांबूस आभाळ आणि त्यात तरंगणारे पन्नास-साठ रंगीत बलून. ते दृश्य दिसतंच, पण ते दोन किलोमीटरवरच्या गच्चीवरूनही दिसतं. मैदानावर गेल्याशिवाय दिसत नाही ते बलूनचं उभं राहणं. गवतावर पसरलेलं निपचित कापड अर्ध्या तासात हलतं, फुगतं, मान वर काढतं आणि सात-आठ मजली इमारतीएवढं होऊन डोक्यावर झुलायला लागतं. मुलं वर्षभर बोलतात ते याच अर्ध्या तासाबद्दल. म्हणून खालचं सगळं वेळापत्रक एकाच हिशेबानं लावलं आहे: पहिला बलून सुटायच्या आधी निदान तासभर तुम्ही मैदानात असायला हवं.

आधी कार्यक्रम कसला आहे ते विचारा

सगळे बलून कार्यक्रम सारखे नसतात, आणि घरच्यांची निराशा होते ती बहुधा इथे चौकशी न केल्यामुळे.

महोत्सवात एकाच मैदानावरून टप्प्याटप्प्यानं शेकडो बलून सुटतात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की इथे ऑक्टोबरमध्ये भरणारा महोत्सव यातला सर्वांत मोठा. १९७२ साली तो १३ बलूनांवर सुरू झाला. आता तिथे पाचशेच्या वर बलून येतात आणि प्रेक्षकांना थेट बलूनांच्या मधून फिरता येतं. ही मुभा सगळीकडे नसते. बऱ्याच ठिकाणी दोरी बांधलेली असते आणि तिच्या अलीकडूनच बघावं लागतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा महोत्सव १९७९ पासूनचा आणि तो ऑगस्टमध्ये असतो. तिथे पहाटे आणि संध्याकाळी अशी दोन उड्डाणं ठेवतात, त्यामुळे झोपाळू कुटुंबालाही संधी मिळते.

स्पर्धेचा मामला वेगळा. काही फेऱ्यांमध्ये पायलट काही किलोमीटर लांबून सुटतात आणि मैदानावर आखलेल्या मोठ्या फुलीवर वजन बांधलेली पट्टी टाकायचा प्रयत्न करतात. म्हणजे बलून तुमच्याकडे येतात, तुमच्यासमोरून निघत नाहीत. बघायला हे फार मजेचं, पण कापड फुगताना दाखवायचं म्हणून मुलांना घेऊन गेलात तर रिकाम्या मैदानावर बसावं लागेल. जपानमधल्या सागा शहराजवळ कासे नदीकाठी शरद ऋतूत मोठी स्पर्धा होते. तिथे नदीकाठावरून सुटणारे बलून आणि त्यांची पाण्यातली प्रतिबिंबं एकत्र बघता येतात.

तिसरा प्रकार पर्यटकांच्या रोजच्या उड्डाणांचा. तुर्कस्तानात कॅपाडोकिया भागात हवा चांगली असेल त्या पहाटे शंभराच्या वर बलून उडतात. ते खोऱ्यांमधून वेगवेगळ्या जागांवरून सुटतात, त्यामुळे बघणारे गोरेमे गावाभोवतीच्या टेकड्यांवर जाऊन बसतात. असा बेत असेल तर एक सकाळ टेकडीसाठी आणि एक सकाळ सुटण्याच्या जागेजवळ, अशी विभागणी करा.

आयोजकांना चार गोष्टी विचारून ठेवा. बलून मैदानावरूनच सुटणार आहेत का? प्रेक्षकांना किती जवळ जाऊ देतात? पार्किंगपासून किती चालावं लागतं? आणि उड्डाण रद्द झालं तर तिकीट दुसऱ्या दिवशी चालतं का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. शक्य असेल तर एकापेक्षा जास्त सकाळी उड्डाणं असलेला कार्यक्रम निवडा आणि पहिल्याच सकाळी जा, म्हणजे हवा फिरली तरी पुढची सकाळ हातात राहते.

पहाटच का, आणि अंदाज कसा वाचायचा

मुलांना पहाटे उठवताना ‘का’ हा प्रश्न येणारच. उत्तर सोपं आहे. रात्रभर जमीन थंड होते आणि तिच्यालगतची हवाही गार होऊन खाली बसून राहते. वरचा वारा या थरात फारसा शिरत नाही, त्यामुळे उजाडताना जमिनीवर वारा सर्वांत कमी असतो. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवेचे झोत उठायला लागतात आणि बलून त्यांत हेलकावतो. त्याच्या आत खाली उतरून कापड गुंडाळायचं, हे पायलटचं गणित असतं.

गारव्याचा आणखी एक फायदा आकड्यांत सांगतो, कारण आठवी-नववीतल्या मुलांना हे गणित आवडतं. तीन-चार माणसं नेणाऱ्या बलूनमध्ये २,८०० घनमीटर हवा मावते असं धरा. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा १.२ किलो भरते, म्हणजे एवढ्या जागेतली हवा साधारण ३,३७० किलो. तीच हवा १०० अंशांपर्यंत तापवली की तेवढ्या जागेत २,६५० किलोच उरते. फरक ७२० किलोंचा, आणि कापड, बास्केट, गॅसची नळकांडी, माणसं हे सगळं त्या ७२० किलोंत बसवायचं. बाहेरची हवा ३० अंशांची असेल तर हाच फरक ६१० किलोंवर येतो. थंड सकाळी एखादं माणूस जास्त नेता येतं ते यामुळे. आणखी तापवून भरपाई करायलाही मर्यादा आहे: कापडाच्या माथ्याशी तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि साधारण १२० अंशांच्या पुढे जायचं नसतं.

आदल्या संध्याकाळी हवामानाचं अ‍ॅप उघडाल तेव्हा पावसाच्या चिन्हापेक्षा वाऱ्याचा आकडा बघा. सूर्योदयाच्या वेळी जमिनीवरचा वारा ताशी दहा किलोमीटरच्या आत असेल तर निश्चिंत झोपा. ताशी पंधरा-अठराच्या पुढे गेला की उड्डाण अवघड होत जातं. मात्र जमिनीवर पानही हलत नसताना उड्डाण रद्द झालं तर आयोजकांवर चिडू नका. वर शे-दोनशे मीटरवर जोराचा वारा वाहत असू शकतो. बलून तिथे पोचला की सुसाट लांब जातो आणि ऊन चढल्यावर तोच वारा खाली येतो, म्हणजे उतरताना फरफट. धुक्यात विजेच्या तारा दिसत नाहीत. आणि गडगडाटी ढग कित्येक किलोमीटर लांब असले तरी त्यांच्याकडून अचानक झोत येतात. यांतलं काहीही कारण असू शकतं.

वाऱ्याची दिशाही टिपून ठेवा. अंदाजात दिशा दिलेली असते ती वारा कुठून येतो त्याची. वायव्येचा वारा असेल तर बलून आग्नेयेकडे जाणार. गर्दी टाळून मैदानाबाहेरूनच बघायचं असेल तर त्या बाजूची उंच, मोकळी, तारा नसलेली जागा आदल्या दिवशी उजेडात पाहून ठेवा.

आदली रात्र

सकाळी काहीही शोधावं लागू नये एवढाच नियम. कपडे थरांचे हवेत: पहाटे कुडकुडायला होतं आणि दोन तासांत घाम फुटतो. पायांत बूटच घाला आणि मोज्यांचा एक जास्तीचा जोड प्रत्येकासाठी ठेवा. दव पडलेल्या गवतात तास-दीड तास उभं राहिल्यावर ओल्या मोज्यांमुळे जेवढी रडारड होते तेवढी झोप मोडल्यामुळेही होत नाही.

बसायला चटई नेत असाल तर खाली अंथरायला प्लास्टिकचा कागद घ्या. थर्मासात गरम काहीतरी, मुलांना हातात धरून खाता येईल असं थोडं खाणं, प्रत्येक मोठ्या माणसाकडे टॉर्च, भरलेली पॉवर बँक. लहानांसाठी कानांवर घालायचे इअरमफ असतील तर जरूर घ्या. बर्नरचा आवाज जवळून चांगलाच दणकतो. बाबागाडी ओल्या गवतात आणि अंधारात अडते, तान्ह्या बाळासाठी पाठीला किंवा पोटाशी बांधायची झोळी बरी. कुत्र्याला घरी ठेवा. बर्नरची फूत्कारणारी झोत बहुतेक कुत्र्यांना सहन होत नाही आणि पुष्कळ ठिकाणी प्राण्यांना आत सोडतही नाहीत. ड्रोनही घरीच, बलून उडत असताना आसपास ड्रोन उडवणं थेट धोक्याचं आहे.

मुलांना आतले कपडे घालूनच झोपवा, वरचे थर गाडीत चढवता येतात. आणि झोपण्याआधी त्यांना स्पष्ट सांगा की उद्या बलून उडतीलच असं नाही. हे आज सांगितलेलं ऐकून घेतात. उद्या मैदानावर सांगायला गेलात तर ऐकत नाहीत.

निघणं आणि पोचणं

उलटा हिशेब करा. उड्डाण बहुधा सूर्योदयाच्या आसपास असतं. त्याच्या तासभर आधी मैदानात, त्याच्या अर्धा तास आधी पार्किंगमध्ये, आणि मोठा महोत्सव असेल तर शेवटच्या दोन-तीन किलोमीटरच्या रांगेसाठी वेगळा वेळ. हे ऐकून घरातलं कुणीतरी म्हणेलच की एवढ्या लवकर कशाला. उशिरा पोचलेल्या गाडीतल्या मुलांना बलून काचेतून दिसतात, एवढंच उत्तर द्या.

निघताना सूचना पुन्हा बघा. रद्द झाल्याचा निरोप बरेचदा पहाटेच येतो. अल्बुकर्कीला झेंड्यांची पद्धत आहे: हिरवा म्हणजे उड्डाण होणार, पिवळा म्हणजे थांबून बघतोय, लाल म्हणजे आज नाही. इतरत्रही अशी काही खूण असते का ते विचारून घ्या आणि ती शोधायचं काम मुलांकडे द्या.

अंधारातली वाट बघण्याची वेळ मुलांना जड जाते. त्यासाठी एक गोष्ट पदरी ठेवा. १९ सप्टेंबर १७८३ रोजी व्हर्सायला, फ्रान्सच्या राजासमोर, माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा सोडला आणि त्याच्या पिंजऱ्यात बसवले कोण, तर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा. मेंढीचं शरीर माणसाच्या जवळचं मानलं जाई, म्हणून ती. बदकाला उंचीची सवय, म्हणून ते. कोंबडा पक्षी असूनही उंच उडत नाही, म्हणून तो. तिघंही आठेक मिनिटांनी सुखरूप उतरले. नंतर त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की द आर्लांद हे दोघे पॅरिसवरून पंचवीसेक मिनिटं उडाले. माणसाचं पहिलं मोकळं उड्डाण ते. त्या बलूनखाली खरोखरच पेटवलेली आग होती आणि तिच्यात इंधन टाकत राहावं लागे. आजचा प्रोपेन गॅसचा बर्नर आणि नायलॉनचं कापड आलं ते अमेरिकेतल्या एड योस्ट यांच्यामुळे, ज्यांनी २२ ऑक्टोबर १९६० रोजी नेब्रास्कात अशा बलूनचं उड्डाण केलं.

एवढ्यात कुणीतरी हातातून एक छोटा, साधा फुगा सोडताना दिसेल, अंधार असेल तर त्याला दिवाही लावलेला असतो. तो हीलियमचा. पायलट मंडळी माना वर करून तो कुठे वळतो ते बघत राहतात, कारण वेगवेगळ्या उंचीवर वारा कसा आहे याचा अंदाज त्यावरून बांधतात. बलूनला सुकाणू नसतं. हव्या त्या दिशेचा वारा ज्या उंचीवर असेल तिथे जायचं, एवढंच हातात असतं.

उभं कुठे राहायचं आणि काय बघायचं

दिसेल तो सर्वांत मोठा किंवा गमतीदार आकाराचा बलून गाठू नका. त्यांच्याभोवती गर्दी होते आणि त्यांना फुगायला वेळही जास्त लागतो. मध्यम आकाराचा, नुकती गाडी उघडलेली एखादी टीम निवडा आणि शेवटपर्यंत तिच्याचपाशी थांबा. दहा बलून अर्धे-अर्धे बघण्यापेक्षा एक अथपासून इतिपर्यंत बघावा, हे माझं ठाम मत आहे.

आधी वेताची विणलेली बास्केट आडवी केली जाते आणि बर्नरची चौकट तिला जोडली जाते. मग मोठ्या पिशवीतून कापड ओढत नेऊन लांबवर पसरतात. बलूनच्या तोंडाशी दोघं उभी राहून कापड दोन्ही हातांनी ताणून धरतात आणि पेट्रोलवर चालणारा मोठा पंखा सुरू होतो. इथून दहा-एक मिनिटं फक्त गार हवा भरली जाते. कापड सळसळत वर येतं, सुरकुत्या एकेक करून सुटतात. या वेळी पलीकडच्या टोकाला जरूर बघा: माथ्याला बांधलेली लांब दोरी धरून एकजण मागे रेलून उभा असतो, म्हणजे बलून भसकन वर येऊ नये.

मग पायलट आडव्या बास्केटपाशी ओणवा होतो आणि बर्नरची पहिली झोत तोंडातून आत सोडतो. बलूनच्या तोंडाशी आगीला दाद न देणारं वेगळं कापड लावलेलं असतं ते यासाठीच. आवाजानं मुलं दचकतात, आणि पुढच्या क्षणी आतून सगळे रंग पेटतात. चार-पाच झोतांत बलून उभा होतो, बास्केट सरळ होते आणि टीममधले तिच्या कडेला वजन टाकून उभे राहतात. ती एका दोरीनं गाडीला बांधलेली असते. ती दोरी एका झटक्यात सुटेल अशी कडी तिला असते. लोक एकेक करून हात काढतात, पायलट तोल बघतो, कडी सुटते. शेजारी उभे असाल तर उष्णतेची लाट चेहऱ्यावर जाणवते आणि बलून वर जाताना मात्र झोतांच्या मधल्या वेळात काहीच आवाज येत नाही.

वर बघताना बलूनच्या माथ्यावर एक गोल कापडी झाकण दिसेल. आतून दोरी ओढली की ते खाली सरकतं, गरम हवा निसटते आणि बलून उतरायला लागतो. शेतांवरून किंवा गुरांवरून जाताना काही पायलट वेगळा, कमी आवाजाचा बर्नर वापरतात. लक्ष दिलंत तर दोन आवाजांतला फरक कळतो.

जवळ उभं राहण्याचे नियम

इथे गंमत नाही. पंख्याजवळ मुलांना फिरकू देऊ नका आणि सैल ओढणी, मफलर, मोकळे केस आधीच आवरून घ्या. जमिनीवरच्या कापडावर पाय देऊ नका. दोऱ्यांच्या आत किंवा त्यांवर उभं राहू नका. सैल पडलेली दोरी केव्हा ताणली जाईल सांगता येत नाही. आसपास गॅस असतो, त्यामुळे सिगारेट आणि लायटर बंद.

सर्वांत महत्त्वाचं: बास्केट किंवा दोरी वर जायला लागली की हात सोडा. मदत करावी म्हणून लोक धरून ठेवतात, आणि पाय जमिनीवरून सुटल्यावर सोडायची भीती वाटते. टीमनं बोलावल्याशिवाय हात लावायचाच नाही. विचारलंत तर मात्र बऱ्याच टीम मुलांना शेवटी कापड गुंडाळायला घेतात, आणि ते काम मुलांना उड्डाणाइतकंच आवडतं.

चार वर्षांच्या आतली मुलं बर्नरला घाबरली तर तीस-चाळीस मीटर मागे घ्या, कान झाका आणि तिथूनच दाखवा. समजूत काढत पुढे ढकलू नका, ती स्वतःच पुढे सरकतात.

फोटोंबद्दल थोडक्यात: अंधारात बलून उजळतो तो फक्त झोत चालू असताना, म्हणून फोटोऐवजी व्हिडिओ काढा आणि त्यातला क्षण निवडा. उजाडल्यावर फोनवर उजळ भागावर बोट ठेवून प्रकाश कमी करा. सूर्य पाठीशी असेल तर रंग खुलतात. सूर्य बलूनच्या मागे असेल तर कापड आतून दिव्यासारखं दिसतं. दोन्ही काढून बघा, मग फोन खिशात.

उड्डाण रद्द झालं तर

लगेच गाडीकडे धावू नका. हवा बेताची असेल तर काही पायलट बलून उडवत नाहीत पण फुगवून दाखवतात, किंवा नुसत्या बर्नरच्या ज्वाळा सोडतात. रिकामी बास्केट जवळून बघायला मिळू शकते. मोकळ्या वेळात पायलट गप्पांना तयार असतात, आणि मुलांचे प्रश्न त्यांना बहुधा आवडतात. पुढच्या सकाळचा अंदाज बघून तिथेच ठरवा. संध्याकाळी बलून जमिनीवरच उजळवून दाखवण्याचा कार्यक्रम असेल तर त्याची वेळही विचारून घ्या, जरी तोही वाऱ्यावरच अवलंबून असतो.

परतताना

शेवटचा बलून सुटला की सगळं मैदान एकदम बाहेर पडतं. त्या गर्दीत शिरण्यापेक्षा तासभर तिथेच थांबा, मुलांना ओले मोजे बदलायला लावा, खाणं उरकून घ्या.

रस्त्यात एखादा बलून उतरताना दिसला तर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी लावा आणि लांबूनच बघा. कुणाच्या शेतात शिरू नका, बलूनच्या मागे येणाऱ्या टीमच्या गाडीची वाट अडवू नका आणि पायलटनं खूण केल्याशिवाय जवळ जाऊ नका. कापडातली हवा जायला काही मिनिटं लागतात आणि तोवर वाऱ्यानं बास्केट फरफटू शकते. विजेच्या तारांना बलून लागलेला दिसला तर कुणीही जवळ जायचं नाही, आपत्कालीन सेवेला फोन करायचा.

गाडी चालवणाऱ्यानं मात्र पहाटेपासून जागं असल्याचं लक्षात ठेवावं. लांबचा रस्ता असेल तर आळीपाळीनं चालवा, नाहीतर निघण्याआधी गाडीत वीस मिनिटं डुलकी काढा. मागची मंडळी तोवर झोपलेलीच असतात.